इंग्रजी लिसनिंगची परीक्षा: साताऱ्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

पहिल्या वर्षाचे प्रवेश आटोपले, लँग्वेज लॅबचं वेळापत्रक लागलं, की हे प्रश्न सुरू होतात. काही वर्गात विचारले जातात, बरेचसे तास सुटल्यावर दारात, आणि उरलेले रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर. सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून ही यादी. डोळ्यांसमोर साताऱ्यात शिकणारी मुलं आहेत, पण कराड, वाई, कोरेगावच्या मुलांचे प्रश्नही काही निराळे नसतात.

लिसनिंगच्या परीक्षेत नेमकं काय करायचं असतं?

ऑडिओ लावतात, तुम्ही ऐकता आणि कागदावरच्या किंवा स्क्रीनवरच्या प्रश्नांची उत्तरं देता. ऑडिओत दोघांचं बोलणं असतं, कसली तरी सूचना असते, नाहीतर लेक्चरचा तुकडा असतो. प्रश्न बहुतेक वेळा पर्यायांचे, गाळलेल्या जागांचे, चूक-बरोबरचे. वरच्या वर्गांना कधीकधी ऐकून टिपणं काढायला आणि त्यावरून चार ओळी लिहायला सांगतात.

मार्क किती आणि ऑडिओ किती वेळा लावणार, हे कॉलेजागणिक बदलतं. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं, स्वायत्त कॉलेजं, इंजिनिअरिंगवाले, प्रत्येकाचं गणित वेगळं. सिनियर सांगतात ते त्यांच्या वर्षाचं असतं, त्यावर विसंबू नका. विभागातून तुमच्या वर्षाचा सिलॅबस मागून घ्या आणि दोन गोष्टी विचारा: ऑडिओ एकदाच लावणार की दोनदा, आणि प्रश्न आधी वाचायला वेळ देणार का. तयारी कशी करायची ते या दोन उत्तरांवर ठरतं.

मॅडम, वाचलं की सगळं समजतं, पण ऐकताना डोक्यावरून जातं. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा ‘माझी व्होकॅब्युलरी कच्ची आहे’ असं स्वतःच ठरवून आलेला असतो. तसं असेलच असं नाही. ऑडिओचा लिखित मजकूर हातात दिला की हीच मुलं म्हणतात, ‘अरे, हे तर येत होतं!’ शब्द ओळखीचे असतात. कानाला त्यांचा आवाज ओळखीचा नसतो.

मराठी बोलताना आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत तसं नाही. वाक्यातल्या दोन-तीन महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘अँड’, ‘कॅन’ असे शब्द दाबले जातात. ‘बॉइज प्ले क्रिकेट’ आणि ‘द बॉइज विल बी प्लेइंग सम क्रिकेट’ ही दोन वाक्यं इंग्रज माणसाच्या तोंडून ऐका. दुसऱ्यात शब्द दुपटीहून जास्त, पण वेळ काही दुप्पट लागत नाही. जादाचे शब्द फटींमध्ये कोंबलेले असतात.

शिवाय शब्द एकमेकांना चिकटतात. ‘अ‍ॅन अ‍ॅपल’ कानावर पडतं ते ‘अनॅपल’ असं. ‘डिड यू’चं ‘डिज्यू’ होतं, ‘लास्ट टाइम’मधला एक ट गायब होतो. आपण शाळेत हे शब्द सुटे सुटे, फळ्यावर लिहिलेले पाहिले. कान त्या सुट्या शब्दांची वाट बघत बसतात आणि तोवर बोलणारा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो.

दुसरं कारण म्हणजे मनातल्या मनात चालणारं भाषांतर. मिनिटाला साधारण दीडशे शब्दांच्या वेगाने बोलणाऱ्या माणसाचं प्रत्येक वाक्य मराठीत आणत बसलात तर तिसऱ्या वाक्याला मागे पडणार. ही सवय ठरवून सुटत नाही. इंग्रजी तुकडे ऐकताक्षणी ओळखू यायला लागले की भाषांतराची गरजच उरत नाही.

मग सराव करायचा कसा?

थोडं ऐका, पण चावून चावून ऐका. तासभर इंग्रजी बातम्या लावून बाजूला मोबाइल चाळणाऱ्यापेक्षा, एकच मिनिट पुन्हा पुन्हा ऐकणारा लवकर पुढे जातो. त्याची रीत अशी.

ज्याचा लिखित मजकूर मिळतो असाच ऑडिओ घ्या. ही अट सोडू नका; मजकूर नसेल तर आपण काय चुकीचं ऐकलं ते कधीच कळत नाही. आधी एकदा सलग ऐका, काही लिहू नका. कोण बोलतंय, कुठे, कशाबद्दल, एवढंच पकडा. मग त्यातला अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा निवडा आणि वाक्यागणिक थांबवत जे ऐकू आलं ते वहीत उतरवा. कळलं नाही तिथे रेघ मारून जागा सोडा. तीन-चार वेळा ऐकूनही जे सापडत नाही ते तसंच राहू द्या. त्यानंतर मजकूर उघडा आणि लाल पेनने आपलं लिखाण तपासा.

खरा अभ्यास इथून पुढे. समजा मूळ वाक्य होतं ‘आय शुड हॅव टोल्ड यू अर्लियर’. वर्गात हे वाक्य लावलं की वह्यांमध्ये ‘आय शूट टोल्ड यू’, ‘आय शुड टेल यू’, ‘आय शुडा टोल्ड’ असे प्रकार सापडतात. दुसरं उत्तर लिहिणाऱ्याचा तर अर्थच उलटा झाला: बोलणारा म्हणतोय ‘आधी सांगायला हवं होतं’, म्हणजे सांगितलेलं नाही, आणि हा लिहितोय ‘सांगायला हवं’. कारण काय? ‘हॅव’ हा शब्द तिथे पूर्ण आलाच नाही. ‘शुडव’ असा एकच आवाज आला आणि ‘टोल्ड यू’चं ‘टोल्ज्यू’ झालं. आता तेवढाच तुकडा परत लावा, मजकूर बघत बघत, ‘शुडव टोल्ज्यू’ कानाला लागेपर्यंत. मग मजकूर झाकून पुन्हा ऐका. शेवटी त्याच चालीत मोठ्याने म्हणा. गच्चीवर जा, लाजू नका. जे आपल्या तोंडून निघतं ते कान फार लवकर ओळखतो.

चुकांची यादी वहीच्या मागच्या पानांवर ठेवा. थोड्याच दिवसांत दिसेल की चुका शंभर प्रकारच्या नसतात, त्याच त्याच सात-आठ असतात. कुणाला भूतकाळाचा शेवटचा ‘ड’ ऐकू येत नाही, कुणाचे अनेकवचनाचे ‘स’ सुटतात. आपला आजार कळला की औषध नेमकं घेता येतं.

रोज किती वेळ द्यायचा?

वीस मिनिटं, पण रोज. रविवारी एकदम तीन तास केले तर पहिल्या अर्ध्या तासानंतर कान बंदच होतात.

कुठून ऐकायचं? फुकट काय मिळतं?

ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश या साइटवर ऑडिओ पातळीनुसार लावलेले आहेत: सगळ्यात सोपं ए१, मग ए२, बी१ असं वर चढत जायचं. प्रत्येकाखाली प्रश्न आणि मजकूर. पहिल्या वर्षाच्या बहुतेकांनी ए२ किंवा बी१पासून सुरुवात करावी. सी१ उघडून हिरमुसून परत आलेले पुष्कळ पाहिलेत.

बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे भाग मजकुरासह मिळतात. दोघंजण एखाद्या विषयावर गप्पा मारतात, वेग बेताचा असतो. त्याहून सावकाश हवं असेल तर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं लर्निंग इंग्लिश. मुद्दाम हळू बोलून, साधारण १५०० मूळ शब्दांत बातम्या सांगायची ही पद्धत त्यांनी १९५९ साली सुरू केली होती. त्यांचे जुने भाग सरावाला उत्तम. विषय शिळा झाला म्हणून कानाचं काही बिघडत नाही.

लेक्चरवरचे प्रश्न येणार असतील तर एनपीटीईएल या साइटवरची व्याख्यानं काढा. आयआयटीतले प्राध्यापक आपल्याच देशातल्या निरनिराळ्या ढंगांत बोलतात आणि तुमच्या विषयाचंही काही कानावर पडतं. आणि हो, परीक्षेचा ऑडिओ तुमच्याच सरांनी किंवा मॅडमनी रेकॉर्ड केलेला असण्याची शक्यता असेल, तर फक्त लंडनचा उच्चार ऐकून तयारी करू नका.

इंग्रजी सिनेमे आणि वेब सिरीज बघून चालेल का?

बघा, पण अभ्यासात मोजू नका. निम्मी गोष्ट चित्रातून कळते, पाठीमागे संगीत असतं, पात्रं पुटपुटतात, आणि दहा-दहा मिनिटं पाठलाग नाहीतर मारामारीच चालू असते. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री त्यापेक्षा बरी, पण तिथेही स्कोअर डोळ्यांसमोर असतो.

सबटायटल लावायचे की नाही?

पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा इंग्रजी सबटायटल. मराठी किंवा हिंदी लावलेत तर तुम्ही वाचताय, ऐकत नाही. आणि आपोआप तयार होणारे सबटायटल चुकतात, त्यांना उत्तरपत्रिका समजू नका.

स्पीड कमी करून ऐकलं तर?

अडलेलं एखादं वाक्य ०.७५वर ऐकायला हरकत नाही. पण तिथून उठताना तेच वाक्य परत नेहमीच्या वेगात ऐकून उठा. परीक्षेच्या हॉलमध्ये स्पीड कुणी कमी करून देत नाही.

मी दहावीपर्यंत मराठी मीडियमला होते. मला जमेल का मॅडम?

जमेल. लिसनिंगमध्ये मीडियमपेक्षा गेल्या काही महिन्यांत कान किती तापवले याला किंमत असते. इंग्लिश मीडियमची बरीच मुलंही इंग्रजी ऐकत आली ती शाळेतल्या बाईंच्याच तोंडून. परक्या आवाजापुढे त्यांचीही भंबेरी उडते. तुम्ही फक्त सुरुवात एक पायरी खालून करा, आणि पहिले पंधरा दिवस मार्क मोजू नका.

एक फायदाही सांगते. मराठीत ट-ठ, द-ध, प-फ असे बारीक भेद आपण रोज ऐकतो, म्हणजे कान काही कच्चा नाही. जे भेद मराठीत नाहीत तेवढेच शिकायचे. इंग्रजीत ‘व’चे दोन प्रकार आहेत: ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. तसंच ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना बऱ्याचदा पाळत नाही, म्हणून इथे घोटाळा होतो.

आकडे, तारखा, वेळा नेहमी चुकतात. काही उपाय?

मार्क सर्वांत स्वस्तात इथेच मिळतात आणि सर्वांत जास्त इथेच जातात. त्यामुळे जरा सविस्तर.

‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’: वर्गात शिकवतात की पहिल्यात जोर शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. ते सुट्या आकड्यांना ठीक. पण पुढे नाम आलं, उदाहरणार्थ ‘थर्टीन स्टुडंट्स’, की जोर बऱ्याचदा सुरुवातीला सरकतो आणि नियम फसतो. म्हणून शेवटच्या ‘न’कडे कान द्या. अमेरिकन माणूस ‘थर्टी’चं ‘थर्डी’ करतो, ‘थर्टीन’मधला ट मात्र खणखणीत ठेवतो, ही खूण जास्त भरवशाची.

वेळ: ‘क्वार्टर टू फोर’ म्हणजे पावणेचार, ‘क्वार्टर पास्ट फोर’ म्हणजे सव्वाचार. घाईत ‘टू’ आणि ‘पास्ट’ एवढाच फरक निसटतो. ब्रिटिश माणूस नुसतं ‘हाफ थ्री’ म्हणाला तर ते साडेतीन. अडीच लिहून येणारे दरवर्षी भेटतात.

फोन नंबर: शून्याला ‘ओ’ म्हणतात, ‘डबल सेव्हन’ म्हणजे दोन सात. हे आपल्याकडेही चालतं, पण ‘ट्रिपल’ आलं की हात अडखळतो. मोठे आकडे: एक मिलियन म्हणजे दहा लाख. ऑडिओत ‘टू पॉइंट फाइव्ह मिलियन’ आलं आणि पर्याय लाखांत असतील तर पंचवीस लाख शोधा.

नावाचं स्पेलिंग सांगतात तेव्हा ‘ए’, ‘ई’ आणि ‘आय’ यांची अदलाबदल होते, आणि अमेरिकन ‘झी’ आपल्याला ‘जी’ वाटतो.

यावरचा सराव नेटशिवाय होतो. होस्टेलवर दोघं समोरासमोर न बसता पाठीला पाठ लावून बसा. एकाने दहा नंबर, घड्याळातल्या पाच वेळा, पाच स्पेलिंग भरभर वाचायची, दुसऱ्याने लिहायची. मग उलट. पाठीला पाठ अशासाठी, की ओठ बघून अंदाज बांधता येऊ नये.

‘कॅन’ आणि ‘कांट’ सारखेच ऐकू येतात.

‘आय कॅन कम’ म्हणताना ‘कॅन’ दबून ‘कन’ होतो आणि जोर ‘कम’वर जातो. नकारात तो शब्द ठासून येतो. ब्रिटिश बोलण्यात तर लांब ‘कांट’ असा. अमेरिकन बोलण्यात शेवटचा ट ऐकू येईलच असं नाही, त्यामुळे ट शोधत बसू नका. शब्द दबला तर होकार, ठासला तर बहुधा नकार.

प्रश्न आधी वाचायला मिळाले तर त्या वेळात काय करायचं?

प्रत्येक प्रश्नातल्या एका-दोन महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारा आणि उत्तर कसल्या प्रकारचं असेल ते ठरवा: आकडा, जागा, माणूस, कारण? ‘व्हाय’ असेल तर ‘बिकॉज’, ‘सो’, ‘ड्यू टू’ यांची वाट बघायची.

मग सापळे. पेपर काढणारे ते मुद्दाम लावतात. पर्यायातला शब्द ऑडिओत जसाच्या तसा ऐकू आला की हरखून खूण करू नका. बरोबर उत्तर बऱ्याचदा वेगळ्या शब्दांत येतं: पर्यायात ‘चीप’ असतं आणि बोलणारी म्हणते, ‘इट डिडन्ट कॉस्ट मी मच’. दुसरा सापळा म्हणजे बोलणारा स्वतःलाच दुरुस्त करतो: ‘ट्यूसडेला भेटू... ओह नो, आय हॅव लॅब, मेक इट थर्सडे’. पहिलं ऐकलेलं लिहून मोकळे झालेले तिथेच अडकतात. ‘बट’, ‘अ‍ॅक्चुअली’, ‘इन्स्टेड’ कानावर आले की पेन उचलून धरा. उत्तर बहुधा पुढे आहे.

टिपणं मराठीत काढली तर मार्क कापतात का?

कच्च्या कागदावर कसंही लिहा. देवनागरीत, बाणांनी, अर्ध्या शब्दांनी. तपासली जाते ती उत्तरपत्रिका. उलट घाईत ‘गव्हर्नमेंट’चं स्पेलिंग आठवत बसण्यापेक्षा ‘सरकार’ लिहून पुढे जाणारा शहाणा. फक्त कमी लिहा. लिहिण्यात गुंतलं की कान सुटतात.

मधलं एक उत्तर हुकलं की पुढचं सगळंच हुकतं.

सुटलेल्या एसटीमागे धावू नका. जागा मोकळी सोडा, पुढच्या प्रश्नावर बोट ठेवा. गाळलेल्या जागांचे प्रश्न शक्यतो ऑडिओच्या क्रमाने येतात, त्यामुळे पुढच्या प्रश्नातला खुणेचा शब्द ऐकू आला की गाडी पुन्हा पकडता येते. (झाली, एसटीचीच भाषा झाली. स्टँडसमोरच्या गल्लीत क्लास असला की असं होतं.) निगेटिव्ह मार्किंग नसेल तर शेवटी रिकामी जागा ठेवू नका.

स्पेलिंग चुकलं तर?

आधी विचारून ठेवा. काही शिक्षक अर्थ कळला की मार्क देतात, काही देत नाहीत.

घरात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं. शांतता कुठून आणायची?

पहाटे किंवा कॉलेजात. लँग्वेज लॅब तासांव्यतिरिक्त उघडी असते का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी असते आणि कुणी फिरकत नाही. ऑडिओ कॉलेजच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा म्हणजे डेटा पॅक संपला तरी अडत नाही. महागडे हेडफोन लागत नाहीत, दोन्ही कानांत नीट बसणारे साधे वायरवाले पुरेत.

सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढताना किंवा कोरेगावहून एसटीने येताना कानात लावून ऐकणारी मुलं आहेत. ऐका, पण आधी वहीवर तपासलेलाच भाग तिथे परत ऐका. नवा भाग खिडकीच्या खडखडाटात लावून फक्त चिडचिड होते.

तरी एक सांगते, पूर्ण शांततेचीच सवयही नको. परीक्षेच्या हॉलमध्ये पंखे असतात, खोकला असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर साताऱ्याचा पाऊस असतो. आठवड्यातून एखादा सराव मुद्दाम स्पीकरवर, पंखा लावून करा.

हॉलमध्ये स्पीकरचा आवाजच नीट आला नाही तर कुणाला सांगायचं?

तिथल्या तिथे पर्यवेक्षकांना, तेही आवाज तपासतात तेव्हाच. मागच्या बाकावरून हात वर करायला लाजून, घरी जाऊन तक्रार करण्यात अर्थ नाही. पेपर झाल्यावर ते सिद्ध करणं अवघड जातं.

मला एका कानाने कमी ऐकू येतं. काही सोय मिळते का?

परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज करा, सोबत प्रमाणपत्र जोडा, आणि वेळापत्रक लागायच्या आधीच करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे आणि त्यात शिक्षणसंस्थांनी वाजवी सोय करून द्यावी अशी तरतूद आहे. हेडफोन, पुढची जागा किंवा पर्यायी प्रश्न, यांपैकी काय हवं ते अर्जात स्पष्ट लिहा. प्रमाणपत्र नसलं तरी शिक्षकांशी बोला. जागा बदलून द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

याच तयारीवर आयेल्ट्स देता येईल का?

परदेशी शिकायला जाताना लागणारी ही इंग्रजीची परीक्षा, तिचाही पाया तोच. पण तिथे लिसनिंगला चार भाग, ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटांचा ऑडिओ, तोही एकदाच. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर फक्त तपासायला २. स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक, आणि ‘दोन शब्दांपेक्षा जास्त नको’ असं म्हटलं असेल तर तिसरा शब्द लिहिला की मार्क गेला. आधी कॉलेजची परीक्षा आरामात निघू द्या, मग त्याचे नमुना पेपर हातात घ्या.

परीक्षा चार दिवसांवर आलीय आणि काहीच केलेलं नाही. आता?

आता वाक्यं उतरवत बसू नका, त्याला वेळ नाही. मागच्या सत्राचे ऑडिओ लॅबमध्ये असतील तर ते घड्याळ लावून सोडवा. नसतील तर ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवरचे बी१चे रोज तीन. प्रत्येकानंतर मजकूर काढून चुकलेल्या उत्तरापुढे कारण लिहा: शब्द कळला नाही, आवाज कळला नाही, की प्रश्नच नीट वाचला नव्हता. तिसरं कारण सर्वांत जास्त वेळा निघतं आणि ते चार दिवसांत सुधारतं. संध्याकाळी मित्राला धरून आकडे आणि वेळा. आदल्या रात्री हेडफोन बाजूला ठेवा, आणि सकाळी कॉलेजकडे येताना एखादा सोपा, आधी ऐकलेला भाग लावा, म्हणजे हॉलमधलं पहिलं वाक्य कानाला परकं वाटणार नाही.